पुडकं कोणाचं

ऊर्जानगर
५ एप्रिल २०२४

प्रिय गोकुळा,

सप्रेम नमस्कार. परवा तू "जे असन ते कागदावर लिव" म्हणून फोन ठेवून दिलास, म्हणून हे पत्र. किती वर्षांनी तुला लिहिते आहे! पाचवीत आपण मूल गावच्या होस्टेलमध्ये एका खोलीत होतो, त्याला तेहतीस वर्षं झाली.

पेपरात तुझा फोटो पाहिला. पिंपळबोडीच्या बायकांनी गावचा तलाव हाती घेतला आणि तू त्या गटाची अध्यक्ष. बाबा म्हणायचेच, लटारूची पोरगी हुशार आहे.

आता काम सांगते. आमच्या खुशबूनं यंदा दहावीची परीक्षा दिली. एकुलती एक आहे. तिला आम्ही इंटरनॅशनल बोर्डिंग स्कूलमध्ये घालतो आहोत. दोन शाळांनी तिला जवळजवळ घेतलंच आहे. एक हैदराबादजवळ, दुसरी उत्तराखंडात पहाडावर. दोन्हींची अट एकच: मुलीनं तीन आठवडे एखाद्या गावात राहून तिथल्या लोकांबरोबर काम केलेलं असावं, आणि गावातल्या माणसानं तसं पत्र द्यावं. पत्राशिवाय अर्ज पुढे जात नाही.

खुशबूचे क्लासेस चालू आहेत, ऊन किती आहे तूही बघतेस. प्रत्यक्ष येणं शक्य नाही. तुला लिहायचा त्रास नको म्हणून मजकूर टाइप करून सोबत दोन प्रती पाठवते. तू फक्त सही कर. गटाचा शिक्का असेल तर उत्तमच.

तुझी बालमैत्रीण,
रीता


पिंपळबोडी
१४ एप्रिल

रीता,

कागद भेटला. टाइप केलेले बी भेटले. चष्मा लावून दोनदा वाचले. त्यात लिवलं हाय का तुह्या पोरीनं आमच्या तलावातली बेशरम उपटली, आमच्यासंग झिंग्याची चटणी अन् भात खाल्ला, अन् तिच्यामुळं आमचे डोळे उघडले. आमचे डोळे उघडेच होते वं. पोरगी तं मी अजून पाह्यली बी नाई.

बेशरम कशाले म्हणते हे तरी तुले याद हाय का? जांभळ्या फुलाची, काठानं वाढते अन् सारा तलाव खाऊन टाकते. जनावर बी तिले तोंड लावत नाई. एकेक झुडूप उपटाले तीन बाया लागते.

झूट्या कागदावर मी सही करत नाई. पोरगी पाठव. शाळा तीन आठवडे म्हणते, म्हणजे एकवीस दिवस. मी बावीस मांगते. काऊन बावीस ते तुले ठाव हाय. नसन तं सांगते. मी होस्टेलात बावीस दिवस होती. तेविसाव्या दिवशी बाप सायकलवर बसवून घेऊन गेला. माही शाळा तितलीच.

अन् त्या दोन शाळा कशा हायत ते नीट लिव. मी चौथी पास अन् पाचवी बावीस दिवस, पण मासोळी घेतानी बी गलफडं उघडून पाह्यते. इथी तं पोरगी टाकाची हाय.

फोन करू नको. फोनवरचं माणूस मंग नाई म्हणते. कागदावरचं नाई म्हणता येत नाई.

गोकुळा


ऊर्जानगर
२० एप्रिल

प्रिय गोकुळा,

होस्टेलचं तू अजून धरून बसली आहेस? अगं, दहा-अकरा वर्षांच्या होतो आपण. मला तर नीट आठवतही नाही.

ठीक आहे, पाठवते. ह्यांचं म्हणणं, खोटं पत्र पुढे कधी उघडं पडलं तर नसती पंचाईत.

शाळांचं विचारलंस. हैदराबादची शाळा म्हणजे राजवाडा. घोडे आहेत, पोहायचा तलाव आहे, परदेशातले शिक्षक आहेत. मुख्य म्हणजे पालकांना दर पंधरा दिवसांनी भेटता येतं आणि मुलींशी रोज रात्री व्हिडिओवर बोलता येतं. मी तिथे एक फ्लॅटही बघून ठेवला आहे. पहाडावरची शाळा जुनी आहे, नाव मोठं आहे, पण फार कडक. वर्षातून दोनदा घरी सोडतात, रविवारी दहा मिनिटं फोन, बाकी काही नाही. मध्येच कोणी भेटायला गेलं तर फाटकातून परत पाठवतात. ह्यांना ती आवडते. मला विचारशील तर हैदराबादच. खुशबू माझ्याशिवाय राहूच शकत नाही.

एक मेला गाडी तिला सोडून जाईल. सोबत यादी देते आहे: पाणी बाटलीचंच, मच्छरदाणी, दुपारी अकरा ते चार सावलीत, रोज संध्याकाळी मला फोन. आणि एक, तिला मासोळीचा वास अजिबात सहन होत नाही. तेवढं सांभाळ.

रीता


पिंपळबोडी
९ मे

रीता,

पोरगी जिवंत हाय. यादी भेटली. मच्छरदाणीत आमच्या कोंबडीची पिल्लं निजते. पोरगी आंगणात माह्या बाजूले बाजेवर निजते. बाटल्या तिसऱ्या दिवशी सरल्या.

खरं सांगते. पहिले चार दिवस मी तिले मुद्दाम जड काम देल्लं. तलावात आता मांडीइतकं पाणी. बेशरमीच्या मुळाशी उभं केलं, म्हटलं उपट. हात फाटले. आमच्या गटातली रुखमा म्हणे, "बाई, लेकरू हाय, काऊन जीव घेऊन राह्यली?" मी म्हटलं, आपलं काम कर. पाचव्या दिवशी मासोळी सुकवाच्या जागी बसवली. नाव खुशबू अन् बसली सुकटापाशी, साऱ्या बाया हासल्या. ती उठली अन् काठावर जाऊन भडाभडा ओकली. मले बरं वाटलं. खोटं काऊन लिवू. तेहतीस वर्षांत इतलं बरं कधी वाटलं नव्हतं.

पण ती तोंड धुवून परत येऊन बसली. मले वाटलं होतं तुले फोन करन, रडन. तिनं फोन बंद करून तांदळाच्या कोठीत टाकला. म्हणे, "मावशी, रेंज नाई म्हणून सांग." इथी रेंज हाय. तुले सांगून ठेवते, मंग म्हणशील झूट बोलली.

ती अजून लय काही बोलते. आई क्लासच्या बाहेर गाडीत बसून राह्यते म्हणे. मैत्रिणीचे मेसेज आई वाचते. न्हाणीच्या दाराबाहेर उभी राहून आई गोष्टी करते. मी आयकून घेते.

आता माहं आयक. तुले याद येत नाई म्हणते, मी याद करून देते. बापानं सुकवलेल्या झिंग्याचं पुडकं होस्टेलात कोणी मांगतलं होतं? तू. "गोकुळा, तुह्या बाच्या हातच्या झिंग्याबिगर मले भात जात नाई वं," असं म्हणे. मी आणून देल्लं. तू तुह्या पेटीत ठेवलं अन् चोरून खाल्लं. मंग वास सुटला. बाईनं साऱ्या पोरी आंगणात उभ्या केल्या. पुडकं काठीच्या टोकाले धरलं, मेलेला उंदीर धरते तसं, अन् इचारलं, "पुडकं कोणाचं?" तू म्हणे, "गोकुळाचं." अन् ते निघालं होतं माह्या चादरीखालून.

मी तोंड उघडलं नाई. तू आपल्या गावच्या गुणवंतराव मास्तरची पोरगी. माहा बाप तुह्या बापापुढं ओसरीवर बी बसत नसे. तो आला, बाईनं त्याच्या पायापाशी पुडकं फेकलं. बापानं उचललं, धूळ झटकली अन् म्हणे, "चांगली चीज हाय बाई, फेकाची नाई."

आता तू लिव. तुह्या पेटीतलं पुडकं माह्या चादरीखाली कसं आलं? लिवशील तवा सही.

गोकुळा


ऊर्जानगर
१४ मे

गोकुळा,

नऊ दिवस झाले, खुशबूचा आवाज ऐकलेला नाही. मी गाडी घेऊन निघालेच होते, ह्यांनी अडवलं. म्हणाले, आता परत आणलीस तर दोन्ही शाळा गेल्या.

माझ्या लेकीचे हात फाटेपर्यंत तू काम करून घेतेस आणि वर मलाच जाब विचारतेस? घरात आई-मुलीचं काय चालतं ते ती वयाच्या भरात काहीही बोलते. त्यावर तू जाऊ नकोस.

पुडक्याचं म्हणशील तर, हो, कदाचित मी मागितलं असेल. लहान मुलं मागतात. तुझ्या चादरीखाली कसं गेलं ते मला खरंच सांगता येणार नाही. गर्दीत कोणी ठेवलं असेल. झालं समाधान? आता हा विषय संपव आणि पत्रं तयार ठेव. अर्जाची मुदत ३१ मे आहे.

रीता


पिंपळबोडी
१७ मे

रीता,

कदाचित चालत नाई.

खोलीत आपण दोघीच होतो. गर्दी कुठून आली?

मुदत तुही हाय. मले मुदत नाई.

गोकुळा


ऊर्जानगर
२१ मे

गोकुळा,

लिहिते.

पुडकं मी मागितलं. माझ्या पेटीत होतं. वासावरून बाई पेट्या तपासत निघाल्या होत्या, शेजारच्या खोलीत आल्या होत्या. तू नळावर गेली होतीस. मी ते तुझ्या चादरीखाली सरकवलं. मला वाटलं, तुझ्याकडे सापडलं तर कोणाला नवल वाटणार नाही, तुमच्या घरी असतंच. तुला रागावतील आणि सोडून देतील. घरी पाठवतील असं वाटलं नव्हतं. बाबांना कळलं असतं तर त्यांनी मला मारून टाकलं असतं.

तुझे वडील सायकल हातात धरून फाटकातून गेले तेव्हा मी खिडकीत होते. आठवत नाही हे खोटं होतं.

हे तुला हवं होतं, दिलं. कोणाला दाखवायचं असेल तर दाखव. आता तुझी पाळी. दोन्ही शाळांचे पत्ते खुशबूजवळ आहेत. हैदराबादचं आधी टाक, हात जोडते.

रीता


पिंपळबोडी
२४ मे

रीता,

कागद भेटला. माहा नवरा मनसाराम घरी नव्हता, मी एकटीनं वाचला. मंग तलावाच्या पाळीवर जाऊन मोठ्यानं वाचला, बाप जिथी जाळं सुकवे तथी. तो आयकाले नाई, पण वाचला.

परवा बावीस दिवस झाले. तुही गाडी आली तवा इथी वाटे पडून राह्यले होते, म्हणून डायवर दोन घंटे थांबला. उशीर त्यानं केला नाई, त्याले बोलू नको. आमच्या इथी उन्हाळ्यात तलाव आटला का शेवटची मासोळी काढते अन् पाण्यात ज्यानं ज्यानं पाय घातला त्याले वाटा भेटते. पाहुणा असो का लेकरू. गावचा म्हातारा झिंगूबुवा नाव पुकारते. बायांनी तलाव घेतला तसं आम्ही माईच्या नावानं पुकारतो. त्यानं पुकारलं, "रीताची खुशबू!" पोरीनं दोन्ही हातानं वाटा घेतला. रडली बी. अन् रिवाज असा हाय का वाटा माईच्या घरी गेला पाह्यजे. ओला वाटा वाटेत नासला असता, म्हणून त्याच्या बदल्यात सुकवलेल्या झिंग्याचं पुडकं करून गाडीत पाठवलं. भेटलंच असन. फेकशील तं तुह्या घरचं फेकशील, माहं काही जात नाई.

शाळेले कागद लिवला. तुहा टाइप केलेला नाई, माह्या हाताचा. लिवलं का ही पोरगी इथी बावीस दिवस होती, पहिले ओकली, मंग बसली. बायांसंग एकशे चाळीस झुडपं उपटली, मी मोजली. मासोळीसाठी तलावात देवधानाचं गवत कसं लावते ते शिकली. कामाले पक्की हाय, भात करपवते. झूट बोलत नाई, माईवर गेली नाई. हे शेवटचं खोडलं, पण वाचता येते.

मूलले जाऊन रजिस्टर टाकला. पावती माह्यापाशी हाय.

गोकुळा


ऊर्जानगर
११ जून

गोकुळा,

काल पहाडावरच्या शाळेची निवड आली. आज हैदराबादहून कळवलं, गावाचं पत्र मुदतीत पोचलं नाही, अर्ज बंद. मी तिथे फोन करकरून थकले. त्यांच्याकडे तुझं पत्र आलेलंच नाही. पोस्टाने घोळ केला असेल तर तुझी पावती लगेच पाठव, त्यावर मी भांडते.

का तू टाकलंच नाहीस? आधी कोणतं टाकायचं ते मी हात जोडून लिहिलं होतं. तुला हवं ते मी लिहून दिलं ना? मग आता आणखी काय हवं होतं?

रीता


पिंपळबोडी
१६ जून

रीता,

पोस्टाले बदनाम करू नको. पावती एकच हाय, पहाडाची. कागद एकच लिवला होता. "शाळेले" लिवलं होतं मी, "शाळाईले" नाई. तू तुह्या मनानं दोन वाचले.

मी पोरीले इचारलं होतं. इसाव्या दिवशी, गाळात उभी असतानी. कोणती शाळा पाह्यजे वं? घोड्याची का पहाडाची? तिनं हातातली बेशरम फेकली अन् म्हणे, "जिथी आईले येता येत नाई ती." मी म्हटलं, पक्कं? म्हणे पक्कं. तवा तुहा कबुलीचा कागद आला बी नव्हता. तू लिवलं नसतं तं एक बी कागद गेला नसता. तू लिवलं म्हणून एक गेला.

तू इचारते आणखी काय पाह्यजे होतं. माफी मी मांगतली नव्हती. मी खरं काय ते मांगतलं होतं. माफीचं तू काही लिवलं बी नाई, पाह्य काढून.

तू एका पुडक्यानं मले शाळेतून घरी पाठवलं. मी एका कागदानं तुही पोरगी घरातून शाळेत पाठवली. तिच्या भल्यासाठी अर्धं केलं अन् माह्या जिवासाठी अर्धं. कोणतं अर्धं मोठं, इचारू नको. रात्री थंड झोप लागते इतलं सांगते.

तिले अडवाचं असन तं अडव. तुही पोरगी हाय. पण मंग तिले काय कारण सांगशील ते कागदावर लिवून पाह्य पहिले.

गोकुळा


ऊर्जानगर
२६ ऑगस्ट

गोकुळा,

अडवलं नाही. कारण लिहायला बसले होते, लिहिता आलं नाही.

चार ऑगस्टला तिला पोचवून आलो. फाटकापर्यंतच सोडलं. ती वळून बघेल म्हणून मी बराच वेळ उभी होते. हैदराबादचा फ्लॅट सोडून दिला. दुपारी तिच्या क्लासची वेळ झाली की मी अजून गाडीची किल्ली हातात घेते.

तुझं पुडकं मी फेकलं नव्हतं. डब्यात घालून, तो डबा पिशवीत बांधून गच्चीवर ठेवला होता. परवा काढलं. कांदा, लाल तिखट घालून तुझी आई करायची तसं केलं. हे दौऱ्यावर होते. मी एकटीच जेवले. तेहतीस वर्षांनी. खाता खाता रडले, पण सगळं संपवलं.

काल रविवार. दहा मिनिटांचा फोन. पहिली दोन मिनिटं मी तिचे कपडे, पांघरूण हेच विचारत राहिले. मग ती म्हणाली, "आई, इथल्या जेवणाला चव नाही. मावशीकडून सुके झिंगे मागवून पाठवशील?" मी हो म्हणून बसले. तेव्हापासून डोक्यात एकच आहे. तिथे वास सुटला, कोणी विचारलं, तर? माझी लेक सगळ्या मुलींपुढे उभी राहील.

आता लिहिते. मला माफ कर. आणि जमलं तर पार्सल तूच परस्पर शाळेच्या पत्त्यावर टाक. इथे क्वार्टरमध्ये शेजारीपाजारी सगळे ओळखीचे आहेत.

रीता


पिंपळबोडी
१ सप्टेंबर

रीता,

पहिले हे सांग. त्या दिवशी खाल्लं तवा खिडक्या उघड्या होत्या का बंद? मले ठाव हाय. तू लिवू नको.

माफीचं वाचलं. ठेवलं. सध्या ठेवलं इतलंच.

झिंगे देते. पोरीचा वाटा हाय, नाई कशी म्हणू. पण परस्पर टाकत नाई. तू इथी ये. गाडी आणू नको, एसटीनं ये. पुडकं मी जुन्या लुगड्याच्या कपड्यात बांधून ठेवलं हाय, प्लास्टिक नाई. त्याच्यावर एक पांढरी चिंधी शिवली हाय. तिच्यावर तू तुह्या हातानं तुहं नाव लिवशील, मोठ्या अक्षरात. म्हणजे तथी शाळेत कोणी काठीवर धरून इचारलं, तं पोरीले काही सांगाचं कामच नाई. पुडकंच सांगन.

मूलवरून चंद्रपूरची दुपारची गाडी घे. सोमवारचीच घे, बाजाराची असते, उभं राहाले जागा नसते. पुडकं वरच्या फळीवर टाकू नको, मांडीवर ठेव. पाऊस असला का खिडक्या लावून घेते, वास चांगला कोंडते. अर्ध्या घंट्यात कोणी ना कोणी नाक धरन अन् इचारन, पुडकं कोणाचं.

मले बी त्या दिवशी चंद्रपूरले काम हाय. मी तुह्या मांगच्या सीटवर बसीन.

गोकुळा